शेजाऱ्यांचे तट्टू खंगत चालले आहे. संबंध न बिघडवता काय करता येईल?

प्रश्न : आखाड्यावरून (परभणी जिल्हा)

नमस्कार. आमचे शेत जिंतूर तालुक्यात आहे आणि गेल्या तीन वर्षांपासून आम्ही गावातले घर बंद करून आखाड्यावरच (शेतातल्या घरात) राहतो. धुऱ्यापलीकडे (बांधापलीकडे) ज्यांचे शेत आहे त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. त्यांच्याकडे एक कुमैत (तांबूस-तपकिरी) रंगाचे तट्टू आहे. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी ते माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून आणले होते. तेव्हा त्यांच्याकडे मेंढ्यांचा मोठा कळप होता आणि दिवाळीनंतर ते चराईला निघाले की भांडीकुंडी, वाघरी (मेंढ्या कोंडायची जाळी), चालू न शकणारी कोकरे असे अख्खे बिऱ्हाड या तट्टाच्या पाठीवर असायचे. पुढे मेंढ्या विकल्या, मुलगा पुण्याकडे कामाला गेला, आबांना गुडघ्यांनी धरले आणि तट्टू तेवढे मागे राहिले.

ते धुऱ्यावरच्या बाभळीला बांधलेले असते. पुढच्या दोन्ही पायांना नायलॉनच्या दोरीचा पायबंद आहे आणि उजव्या पायात ती दोरी खुराच्या वर इतकी रुतली आहे की कातडी दोन्ही बाजूंनी फुगून दोरी मध्ये दिसेनाशी झाली आहे. त्याच पायाचा खूर पुढे वाढून वर वळला आहे, त्यामुळे ते टाचेवर भार देऊन उभे राहते. बरगड्या लांबून मोजता येतात. दुपारी बाराच्या पुढे बाभळीची सावली सरकून दुसरीकडे जाते, तट्टाला मात्र सरकता येत नाही. पाण्यासाठी निळ्या ड्रमाचा अर्धा कापलेला तुकडा ठेवलेला आहे. त्यात कधी शेवाळ असते, कधी काहीच नसते. परवा मी दोन बादल्या पाणी नेले, तर पहिली बादली त्याने मान वर न करता संपवली आणि दुसरी अर्धी प्यायल्यावर थांबून माझ्याकडे पाहिले.

त्याच्यापुढे कडबा पडलेला असतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण तो तसाच पडून राहतो आणि आसपास लिंबाएवढे ओले, चघळलेले गोळे दिसतात. मी आबांजवळ विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "टाकतो की माय, त्येच खाईना. म्हातारं झालंय." त्यापुढे माझ्याच्याने काही बोलवले नाही.

घरात माझे पती म्हणतात की दुसऱ्याच्या दावणीत आपण डोकावू नये. विहीर सामाईक आहे, मोटारीच्या पाळ्या ठरलेल्या आहेत, आमची गाडीवाट आबांच्या रानातून जाते आणि सासरे वारले त्या रात्री सर्वांत आधी धावून आलेले आबाच होते. मला त्यांच्याविरुद्ध उभे राहायचे नाही, पण रोज सकाळी शेण काढताना समोर तेच दिसते आणि मग दिवसभर कामात लक्ष लागत नाही. मी त्याला स्वतः काही खायला घालू शकते का, आणि काय घालावे? आमच्याकडे हरभरा आणि म्हशीची गोळी पेंड आहे. तक्रार करायची वेळ आलीच तर ती कोणाकडे करतात, आणि केल्यावर जनावराचे पुढे नेमके काय होते?


उत्तर १ : निवृत्त पशुवैद्यक, उदगीर

ताई, तुमच्या लिहिण्यातील त्या ओल्या गोळ्यांच्या उल्लेखापाशी मी थांबलो, कारण माझ्या मते सगळे प्रकरण तिथेच उलगडते. घोड्याच्या दाढा आयुष्यभर हिरडीतून वर येत राहतात आणि चावताना झिजत राहतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्याने ही झीज सारखी होत नाही. वरच्या दाढांच्या बाहेरच्या आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडांना कालांतराने सुरीसारखी धार येते आणि ती गालाला व जिभेला कापू लागते. मग जनावर भुकेने घास घेते, चघळते आणि गिळण्याआधीच त्याचा गोळा तोंडातून टाकून देते. जाड दांड्याचा ज्वारीचा कडबा तर त्याला अजिबात सोसत नाही. म्हणजे "त्येच खाईना" हे आबांचे म्हणणे खरे आहे. ते का खात नाही हे त्यांना कोणी सांगितलेले नाही, एवढेच.

यावर उपाय आहे. तोंडात आकडा बसवून, आवश्यक तर गुंगीचे इंजेक्शन देऊन, दाढांच्या कडा लांब दांड्याच्या कानशीने घासून काढतात. तालुक्याच्या दवाखान्यात रोज गाई, म्हशी आणि शेळ्या येतात, त्यामुळे घोड्याच्या दाढांची अवजारे तिथे असतीलच असे नाही. पण परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि तुमच्या बाजूने तेच जवळचे आहे. तट्टू आज गाडीत चढण्याच्या स्थितीत नसेल तर प्रथम १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरते पशुचिकित्सा पथक बोलावता येते.

आता तुमच्या खाण्याच्या प्रश्नाकडे वळतो. त्याला हरभरा घालू नका. दया येऊन टोपलीभर हरभरा किंवा भरडा पुढे ठेवल्याने उपाशी घोडा दगावल्याच्या घटना मी स्वतः पाहिल्या आहेत. दीर्घ उपासमारीत शरीरातील स्फुरद आणि मॅग्नेशियमचे साठे रिकामे झालेले असतात. अशा वेळी एकदम पिष्टमय दाणा पोटात गेला की रक्तातील इन्सुलिन वाढते, रक्तात उरलेसुरले स्फुरद पेशींमध्ये ओढले जाते आणि तीन-चार दिवसांत हृदय व स्नायू साथ सोडतात. शिवाय घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे चुकीचे किंवा जास्त खाल्लेले बाहेर पडण्याचा मार्गच नसतो; पोटशूळ उठतो किंवा खुरांच्या आतला भाग सुजून जनावर कायमचे लंगडे होते. म्हशीची गोळी पेंडही नको. काही गोळी पेंडींत आणि कोंबड्यांच्या खाद्यात मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असते. म्हशीला ते चालते, घोड्याचे हृदय मात्र थोड्या मात्रेनेही निकामी होते.

लसूणघास (हिरवा चारा) मिळाला तर तो बोटाच्या पेराएवढा बारीक कापून, मूठ-दोन मूठ, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावा. तो नसेल तर कडब्याची बारीक कुट्टी पाण्यात तासभर भिजवून द्यावी. आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत जावे. तुम्ही वर्णन केलेल्या चणीचे तट्टू धडधाकट असताना दोन-सव्वादोनशे किलोचे असते आणि त्याला दिवसाला चार ते पाच किलो कोरडा चारा लागतो, पण ते लक्ष्य दोन-तीन आठवड्यांनंतरचे आहे. ज्वारीच्या खोडक्यांना फुटलेला कोवळा हिरवा फुटवा दिसला तरी तो घालू नये, त्यात विष असते. पाणी सध्याच्या उन्हात दिवसाला तीस लिटर तरी हवे, तेही स्वच्छ भांड्यात.

पायातली दोरी तुम्ही ओढून काढू नका. घोड्याइतके धनुर्वाताला बळी पडणारे दुसरे पाळीव जनावर नाही. दोरी डॉक्टरांच्या हातूनच कापून घ्यावी आणि त्याच वेळी धनुर्वाताचे इंजेक्शन मागून घ्यावे. जखमेत आसाडी (अळ्या) पडली असेल तर तिच्यावर पेट्रोल किंवा फिनेल ओतण्याची पद्धत आपल्याकडे आहे, तीही टाळावी. आणखी एक गोष्ट नीट पाहा. नाकातून घट्ट पिवळसर स्राव येत असेल किंवा अंगावर फुटणाऱ्या गाठी असतील तर उघड्या हाताने शिवू नका आणि डॉक्टरांना फोनवरच तसे सांगा. ग्लँडर्स हा घोड्यांचा आजार माणसालाही होतो आणि त्याची खबर सरकारला देणे कायद्याने बंधनकारक आहे.


उत्तर २ : घोडेवाला, लोहा

डॉक्टरसाहेबांनी औषधपाण्याचे सांगितले आहे, मी माणसाचे सांगतो. आमच्या घरात तीन पिढ्या वरातीची घोडी आहे आणि माळेगाव आम्हाला पायाखालचे आहे. मेंढपाळाने वर्षानुवर्षे ज्या जनावरावर आपली पोरे आणि कोकरे वाहिली, ते त्याच्या डोळ्यादेखत खंगत असेल तर त्याला त्याचे काही वाटत नसेल असे समजू नका. माझ्या चुलत्यांनी शेवटच्या दोन वर्षांत घोडीकडे पाहणेच सोडले होते. हातून काही होत नाही आणि कोणाला सांगताही येत नाही, म्हणून ते तिकडे पाठ करून बसायचे. गावाला तो निष्काळजीपणा दिसायचा, घरात आम्हाला मात्र ठाऊक होते की ती लाज आहे.

म्हणून आबांकडे जाताना त्यांची चूक हातात घेऊन जाऊ नका. तट्टू कोणत्या साली घेतले, कुठपर्यंत चालत जायचे, नदी उतरताना कसे वागायचे, हे विचारा आणि त्यांना बोलू द्या. मग सांगा की दाढेवर इलाज असतो असे एका डॉक्टरांनी सांगितले आहे, आणि आम्ही गाडी बोलावणार आहोत, तुम्ही फक्त जवळ उभे राहा, कारण ते तुमचेच ऐकेल. हे शेवटचे खरेही आहे. अनोळखी माणसाने पाय धरला तर दुखणाऱ्या जनावराची लाथ बसते.

नालबंदाबद्दल एक लक्षात असू द्या. खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि दीड-दोन महिन्यांनी तो तासावाच लागतो. पूर्वी कळपाबरोबर खडकाळ वाटांनी चालताना तो आपोआप झिजत असे; एका जागी बांधल्यावर तो झिजणार कुठून? वर वळलेला खूर एका बैठकीत पूर्ववत करायचा हट्ट नालबंदाने केला तर त्याला थांबवा. शिरा त्या वाकड्या उभे राहण्याला सरावलेल्या असतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने तीन वेळा थोडा थोडा तासावा. पायबंद पुन्हा घालू नये. चामड्याची किंवा सुती म्होरकी आणि लांब दोर पुरेसा आहे.

आबांच्या मनात विकण्याचा विचार आला तर त्यांना समजावा. अशा अवस्थेतले म्हातारे तट्टू बाजारात चांगल्या माणसाच्या हाती लागत नाही, ते पुन्हा ओझ्याखालीच जाते. त्यापेक्षा ते आबांच्याच मालकीचे राहू द्या आणि तुमच्या गोठ्याजवळ बांधा. घोडा कळपात जगणारा प्राणी आहे. मेंढ्या गेल्या तेव्हा याची सोबत गेली, आणि तेव्हापासून ते त्या बाभळीखाली एकटे उभे आहे. तुमची म्हैस जरी नजरेच्या टप्प्यात असली तरी त्याच्या खाण्यात फरक पडेल, हे मी अनुभवाने सांगतो.


उत्तर ३ : शेतकरी, बीड जिल्हा

वरच्या दोघांचा मान ठेवून मी वेगळे सांगतो. आमच्या गावात एका खेचराच्या बाबतीत आम्ही सर्वांनी असाच समजूतदारपणा दाखवला. आज बोलू, सणानंतर बोलू, त्यांच्या घरी लग्न आहे ते होऊ द्या, असे करत उन्हाळा गेला. मृग निघाला तेव्हा ते खेचर बसले ते उठलेच नाही, आणि त्याला उठवण्यासाठी आम्ही बांबू लावत होतो ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. माणसाच्या मनाची काळजी घेण्यात आम्ही जनावराचे दिवस खर्च केले. ताईंनी जरूर बोलावे, पण मनाशी एक तारीख धरून बोलावे. आठ दिवसांत डॉक्टर आले नाहीत तर नाते काय म्हणेल याचा विचार न करता तक्रार द्यावी.


उत्तर ४ : वकील, लातूर

तक्रारीचा प्रश्न विचारला आहे म्हणून तेवढेच लिहितो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये जनावराला पुरेसे अन्न, पाणी किंवा निवारा न देणे आणि आखूड दोरीने अवाजवी काळ बांधून ठेवणे, हे दोन्ही मालकाचे गुन्हे सांगितले आहेत. दंड मात्र आजही पहिल्या वेळी १० ते ५० रुपये आहे. तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा घडला तर २५ ते १०० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हा आकडा वाचून लोक हताश होतात, पण या कायद्याचे बळ दंडात नाही. कलम ३४ नुसार शिपायाच्या वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी असे जनावर ताब्यात घेऊन दंडाधिकाऱ्यापुढे किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यापुढे तपासणीसाठी हजर करू शकतो, आणि कलम ३५ नुसार दंडाधिकारी त्याला उपचारासाठी रुग्णालयात किंवा पांजरपोळात पाठवू शकतात. तो खर्च मालकावर पडतो. तक्रारीनंतर जनावराचे काय होते, या तुमच्या प्रश्नाचे कायद्यातील उत्तर हे आहे. प्रत्यक्षात आपल्या भागात घोड्याला ठेवून घेणारी जागा आधी शोधून ठेवावी लागते, नाहीतर ते पुन्हा त्याच मालकाच्या हवाली होते.

उपाशी ठेवण्याचा हा गुन्हा अदखलपात्र आहे, त्यामुळे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. ठाण्यात "नोंद घेतली" एवढेच ऐकून परत यावे लागले तर ती टाळाटाळच आहे असे मानू नका, नोंदीची प्रत मात्र मागून घ्या. मुदतही लक्षात ठेवावी. या कायद्याखालील खटला गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. जिल्ह्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राणिक्लेश प्रतिबंधक संस्था असते आणि पशुसंवर्धन विभागामार्फत तिच्याकडे अर्ज देता येतो. भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५ जनावराला ठार मारणे, विष घालणे किंवा जायबंदी करणे यासाठी आहे व त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ते इथे लागू करण्याचा आग्रह धरू नये, कारण त्यासाठी तसा हेतू किंवा परिणामाची जाणीव सिद्ध व्हावी लागते.

एक इशारा देतो. तट्टू सोडून आणणे किंवा रात्रीतून दुसरीकडे हलवणे हे कितीही चांगल्या मनाने केले तरी कागदावर चोरी ठरू शकते. आबांची संमती मिळाली तर साध्या कागदावर चार ओळी लिहून घ्या : मालकी त्यांची, सांभाळ तुमच्याकडे, औषधोपचाराची परवानगी, आणि दोघांच्या सह्या. पोलीस पाटलांना साक्षीदार घेतले तर ठाण्याची पायरी चढण्याची वेळच येणार नाही. तोपर्यंत तारखेसह छायाचित्रे तुमच्या धुऱ्यावरून काढून ठेवा.


प्रश्नकर्तीचे उत्तर, तीन आठवड्यांनंतर : आखाड्यावरून

सर्वांचे मनापासून आभार. बीडच्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे मी आठ दिवसांची तारीख धरली होती, पण तिसऱ्याच दिवशी जाणे झाले. सासूबाई माझ्याबरोबर आल्या. त्यांनीच आबांना विचारले की हे तट्टू घेतले तेव्हा सोबत कोण होते, आणि मग आबा तासभर बोलत होते. एका वर्षी पूर्णेच्या पाण्यात याने दोन कोकरे पाठीवर असताना मध्येच उभे राहून त्यांना कसे वाचवले, ते सांगताना त्यांचा आवाज बदलला. दाढेचा विषय काढल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले आणि एवढेच म्हणाले, "दातानं मराया लागलंय व्हय ते? मला वाटलं वयानं."

फिरत्या पथकाच्या डॉक्टरांनी दोरी कापली. ती निघाली तेव्हा खाली आसाडी होती. आबांनी तोंड फिरवले, पण म्होरकी सोडली नाही. धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, जखम रोज धुवायला शिकवले. नाकातून स्राव नव्हता आणि गाठीही नव्हत्या. पुढच्या आठवड्यात परभणीला नेऊन दाढा घासून घेतल्या. गालाच्या आत दोन्ही बाजूंना जुन्या-नव्या जखमांच्या रेषा होत्या, त्या डॉक्टरांनी आबांना विजेरीच्या उजेडात दाखवल्या. नालबंद एकदा येऊन गेला आहे. खुराचा चार बोटे लांबीचा तुकडा निघाला, तो आबांनी उचलून धोतराच्या सोग्यात बांधला. का, ते मी विचारले नाही.

तट्टू आता आमच्या गोठ्यामागच्या लिंबाखाली आहे. कागद झाला आहे, पोलीस पाटलांची सही आहे, आणि आबा रोज संध्याकाळी काठी टेकत खरारा करायला येतात. मुलाने पुण्याहून चाऱ्यासाठी पैसे पाठवायचे कबूल केले आहे. माझे पती सुरुवातीला नाराज होते, आता कुट्टी तेच भिजवतात.

एक शंका उरली आहे. ते भिजवलेली कुट्टी संपवते, लसूणघास तर ओढून खाते, ओले गोळे आता दिसत नाहीत. पण पाठीवर मांस धरलेले नाही आणि आबा म्हणतात की मूठभर हरभरा सुरू करू. करावा का? आणि शेणात मधूनमधून पांढरे बारीक जंत दिसतात.


उत्तर ५ : निवृत्त पशुवैद्यक, उदगीर

ताई, आबांना माझा नमस्कार सांगा. जंत आधी आणि हरभरा नंतर, असा क्रम ठेवा. परभणीच्या डॉक्टरांना शेणाचा नमुना दाखवून जंतनाशक वजनानुसार द्यायला सांगा. गाईचे जंतनाशक अंदाजाने पाजू नका. त्यानंतर आठवडाभर शेण घट्ट आणि गोळीदार राहिले तर रात्रभर भिजवलेला आणि सकाळी हाताने दाबून मऊ झालेला हरभरा एक मूठ, तीही कुट्टीत कालवून, दोन वेळा सुरू करा. दर चार-पाच दिवसांनी मूठभर वाढवावे आणि अर्ध्या किलोवर थांबावे. पाठीवरचे मांस सर्वांत शेवटी भरते, त्याला अजून तीन-चार महिने लागतील. बरगड्यांवर आणि मानेच्या कडेवर आधी हात फिरवून पाहा, फरक तिथे लवकर कळेल. नालबंदाची दुसरी फेरी चुकवू नका आणि दाढा पुन्हा सहा महिन्यांनी, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, दाखवून घ्या.